घरी इन्व्हर्टर असताना कॉम्प्युटरसाठी कोणता यूपीएस घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा : शिरोळ तालुक्यातल्या एका गावात घर आहे, घरूनच व्हिडिओ एडिटिंगचं काम चालतं. मशीन म्हणजे सहा कोअरचा रायझन ५, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय), २४ इंची मॉनिटर आणि फायबरचा राउटर. घरात १५० एएच (अँपिअर-अवर) बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. दुकानदार म्हणतो ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, खोक्यावरचा क्षमतेचा आकडा) यूपीएस पुरेल. मित्र म्हणतो १ केव्हीएचा, म्हणजे हजार व्हीएचा घे, दीड तास चालेल. कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही नको. दुकानदार वॉट बघत नाहीये आणि मित्राने बॅटरीचा हिशोब केलेला नाही. यूपीएस आणि इन्व्हर्टर विकणं, बसवणं, उघडून दुरुस्त करणं हा माझा रोजचा धंदा आहे. तरी सांगतो, लगेच काही विकत घेऊ नका. आधी इन्व्हर्टरच्या मागे जाऊन बघा.

बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक छोटा स्विच असतो. एका बाजूला 'यूपीएस' लिहिलेलं असतं, दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल', 'इको' किंवा 'वाइड'. बसवायला आलेला माणूस बहुतेक वेळा तो नॉर्मलवरच ठेवून जातो, कारण तसं ठेवलं की तक्रारी कमी येतात. नॉर्मल मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टर तीस-चाळीस मिलिसेकंद घेऊ शकतो. पंखा आणि ट्यूबलाईट यांना ते कळतही नाही. एसएमपीएसला कळतं. लाईट गेल्यावर त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या चार्जवर तो काही क्षण तग धरतो. एटीएक्स या पॉवर सप्लायच्या मानकात साधारण १७ मिलिसेकंदांची अपेक्षा आहे. लोड कमी असेल तर तो जास्त टिकतो. म्हणूनच नुसता ब्राउझर उघडा असताना लाईट गेली तर कधी कधी मशीन वाचतं आणि एक्सपोर्ट (रेंडर, म्हणजे व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) चालू असताना हमखास पडतं. तुमच्याकडेही असंच होत असणार.

स्विच यूपीएस मोडवर टाकला की ही फट दहा-पंधरा मिलिसेकंदांवर येते आणि बहुतेक कॉम्प्युटर तेवढ्यात तरून जातात. करून बघायला पैसे लागत नाहीत. काम सेव्ह करा, डिस्कवर काही लिहिलं जात नसेल अशा वेळी एखादी ग्राफिक्स टेस्ट चालू ठेवा आणि मेन एमसीबी पाडा. एकदा करून समाधान मानू नका, पाच-सहा वेळा करा, कारण लाईट एसी लाटेच्या कुठल्या टप्प्यावर जाते त्यावरही निकाल बदलतो. एकदाही रिस्टार्ट झालं नाही आणि तुमच्याकडचं व्होल्टेज दिवसभर बरं असेल, तर यूपीएस न घेताही भागेल. कोल्हापूर किंवा पुणे शहरातल्या फ्लॅटमधून हाच प्रश्न आला असता तर माझं उत्तर इथेच संपलं असतं.

पण तुमचा भाग उसाचा, नदीवरच्या आणि विहिरीवरच्या मोटारींचा. यूपीएस मोडला इन्व्हर्टर जास्त चोखंदळ होतो. साधारण १८० ते २६० व्होल्ट याच्या बाहेर लाईन गेली की ती त्याला चालत नाही आणि तो बॅटरीवर उडी मारतो. नॉर्मल मोडला तोच इन्व्हर्टर शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत लाईन तशीच पुढे सोडतो. आता रात्री मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज १७० वर आलं की यूपीएस मोडमधला इन्व्हर्टर लाईट असतानाच बॅटरी खात बसतो. घरच्यांना पत्ता लागत नाही. मग खरोखर लाईट जाते तेव्हा बॅटरी अर्धी झालेली असते आणि शिव्या बॅटरीच्या कंपनीला बसतात. शेजाऱ्याकडे लाईट आहे आणि तुमचा इन्व्हर्टर गुणगुणतोय, असं दिसलं तर हेच चालू आहे असं समजा. आठवडाभर संध्याकाळी, रात्री उशिरा आणि पहाटे सॉकेटवर मल्टिमीटर लावून आकडे लिहून ठेवा. हा कागद कुठल्याही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा उपयोगी आहे.

व्होल्टेज वरचेवर १८० च्या खाली जात असेल तर इन्व्हर्टर नॉर्मल मोडलाच राहू द्या आणि त्याच्या आउटपुटवर, फक्त कॉम्प्युटरसाठी, एक लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस लावा. त्याच्या आत एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा भाग) असतो, म्हणजे टॅपिंग असलेला ट्रान्सफॉर्मर आणि रिले. 'टक' असा आवाज येतो ना, तो रिलेचा. लाईन पडली की तो व्होल्टेज वर उचलतो, चढली की खाली आणतो आणि हे सगळं बॅटरीला हात न लावता. चांगल्या मॉडेलांवर इनपुट रेंज १४५ ते २९० व्होल्ट अशी लिहिलेली सापडेल. खोक्यावर फक्त 'ऑफलाइन' किंवा 'स्टँडबाय' लिहिलं असेल आणि एव्हीआरचा उल्लेख नसेल तर तो तुमच्या गावासाठी नाही. ऑनलाइन यूपीएस सगळ्यांत उत्तम, त्यात लाईनवरून बॅटरीवर जातानाची फटच नसते. पण तो महाग, चोवीस तास पंखा चालणारा आणि स्वतःच वीज खाणारा. झोपायच्या खोलीत तो ठेवला तर दुसऱ्या दिवशी घरातले लोक तो माझ्याकडे परत आणतात. दवाखान्यात किंवा सर्व्हरला ठीक आहे.

या मांडणीत लाईट गेली की यूपीएसला फक्त इन्व्हर्टर उठेपर्यंतचा क्षण सांभाळायचा आहे. पुढचे तास इन्व्हर्टरची मोठी बॅटरी बघेल. म्हणून तुम्हाला मिनिटं विकत घ्यायची नाहीत, वॉट विकत घ्यायचे आहेत.

६०० व्हीएच्या खोक्यावर बारीक अक्षरांत बहुधा ३६० वॉट लिहिलेलं असतं. ११०० व्हीएच्या खोक्यावर ६६० वॉट. दुकानात व्हीएच बोलतात कारण तो आकडा मोठा दिसतो. तुम्ही वॉटच विचारा. तुमच्या मशीनचा हिशोब असा : ३०६० कार्ड एकटं १७० वॉटपर्यंत घेतं, प्रोसेसर लोडखाली ऐंशी-नव्वद, मदरबोर्ड, एसएसडी आणि पंखे मिळून चाळीस-पन्नास, मॉनिटर पंचवीसच्या आसपास. त्यावर एसएमपीएसचा स्वतःचा तोटा धरला तर एक्सपोर्ट चालू असताना भिंतीतून साडेतीनशे ते पावणेचारशे वॉट ओढले जातील. शिवाय ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी याहून मोठे झटके मारतं. ३६० वॉटचा यूपीएस हे पेलणार नाही. लाईट असताना लोड थेट लाईनवर असतो म्हणून काही कळत नाही. बॅटरीवर जायच्या क्षणी मात्र ओव्हरलोड होऊन तो किंचाळतो आणि बंद पडतो. म्हणजे ज्या एका क्षणासाठी घेतला त्याच क्षणी गेला. मी प्रत्यक्ष लोडच्या निदान दीडपट वॉटचा यूपीएस द्यायचा असं धरून चालतो. त्या हिशोबाने तुम्हाला १०००-११०० व्हीए, सहाशे वॉटच्या पुढचा हवा.

एसएमपीएसवर ५५० लिहिलंय म्हणून मशीन ५५० खातं असं नाही, ती त्याची कमाल मर्यादा आहे. खरा आकडा बघायचा तर सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो. आणि ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, टॅली किंवा ऑनलाइन क्लास एवढंच काम आहे, त्यांचं मशीन मॉनिटरसकट ऐंशी-शंभर वॉटच्या वर क्वचित जातं. त्यांना ६०० व्हीए भरपूर आहे. त्यांनी १ केव्हीए घेण्यात अर्थ नाही.

आता मित्राचा दीड तास. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट ७ एएचची एक सीलबंद बॅटरी असते, ११०० मध्ये बहुधा तसल्या दोन. एका बॅटरीत कागदावर ८४ वॉट-अवर आहेत. पण ७ एएच हा आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी केली तरचा आहे, म्हणजे जेमतेम ०.३५ अँपिअरने. यूपीएस तिच्यातून दहा, पंधरा, वीस अँपिअर खेचतो. इतक्या जोरात ओढली की लेड-ॲसिड बॅटरी कागदावरच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपासच देते. म्हणून शंभर वॉटच्या ऑफिस मशीनला ६०० व्हीएवर नव्या बॅटरीने वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. तुमच्या साडेतीनशे वॉटला ११०० व्हीएवर दहा-बारा मिनिटं. रेंडर थांबवून नुसतं मेल वाचत बसलात तर पाऊण तास मिळेल. दीड तास नाही. आणि हे पूर्ण चार्ज असेल तर. पूर्ण चार्ज व्हायला सहा-आठ तास लागतात. तासाभराने लाईट पुन्हा गेली तर हातात निम्म्याहून कमी असतं.

यावर गावोगाव एक जुगाड चालतो : यूपीएसमधली बारकी बॅटरी काढायची आणि वायर बाहेर आणून ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची मोठी बॅटरी जोडायची. कृपा करून करू नका. या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक दहा-वीस मिनिटं तापायच्या हिशोबानेच बनवलेले असतात. तासभर चालवले की वाइंडिंगचं वॉर्निश जळतं, प्लॅस्टिक वाकतं. चार्जर तर एवढा अशक्त की मोठी बॅटरी कधीच भरत नाही आणि सल्फेशनने (प्लेटांवर सल्फेटचा थर बसून) मरते. असे काळे पडलेले बोर्ड माझ्या टेबलावर येतात. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही उरलेलं नसतं.

इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस लावताना एक अट आहे. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखी गुळगुळीत लाट देणारा हवा. स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लाटेचा) जुना इन्व्हर्टर असेल तर यूपीएसला ती लाईन लाईन वाटतच नाही. तो आपल्या बॅटरीवरच राहतो, दहा मिनिटांत संपतो आणि इन्व्हर्टर चालू असूनही कॉम्प्युटर बंद पडतो. इन्व्हर्टरवर पंखा नेहमीपेक्षा जास्त घोंघावत असेल तर संशय घ्या आणि मॉडेल नंबरवरून खात्री करा. इन्व्हर्टरचा एकूण लोडही मोजा. ९०० व्हीएच्या घरगुती इन्व्हर्टरवर तीन पंखे, दिवे, टीव्ही आणि वर तुमचं साडेतीनशे वॉटचं रेंडर हे ओझं जड आहे. त्यात इन्व्हर्टर उठल्यावर यूपीएसही चार्जिंगसाठी थोडं ओढतो. लाईट नसताना एक्सपोर्ट लावायचं नाही, एवढी शिस्त ठेवलीत तर प्रश्न येणार नाही.

वेव्हफॉर्मचा मुद्दा यूपीएसलाही लागू आहे. या किमतीतले जवळपास सगळे यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्या-पायऱ्यांची नक्कल लाट देतात. आजचे चांगले एसएमपीएस ॲक्टिव्ह पीएफसीचे (लाटेच्या आकारानुसार करंट ओढणाऱ्या सर्किटचे) असतात. त्यातले काही या लाटेवर कुरकुरतात, क्वचित बंद पडतात. वॉट भरपूर शिल्लक असतील तर सहसा निभावतं, म्हणूनही दीडपटीचा आग्रह. पण हे आधी सांगता येत नाही, जोडी जमते की नाही ते लावूनच कळतं. दुकानातून घेताना 'माझ्या मशीनवर नाही चाललं तर बदलून द्याल का' हे पैसे देण्याआधी विचारा. मशीन लाखाच्या घरातलं असेल तर साइन वेव्ह आउटपुटचाच घ्यावा असं माझं मत आहे.

आता अर्थिंग, ज्याच्याकडे कुणी बघत नाही. जुन्या वायरिंगच्या घरांत सॉकेटला तिसरं मोठं छिद्र असतं, मागे वायर नसते. ओळखायचं कसं? अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पत्र्याला बोटाची मागची बाजू हलकेच लागली की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडासा करंट बॉडीवर सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर पत्र्यावर शंभरेक व्होल्ट तरंगत राहतात. मुद्दाम हात लावून बघू नका, मीटर लावा. फेज आणि अर्थमध्ये जवळपास फेज-न्यूट्रलएवढंच व्होल्टेज दिसायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. यूपीएसमधलं सर्ज संरक्षण (अचानक चढलेल्या व्होल्टेजपासूनचं) बऱ्याच अंशी अर्थवर अवलंबून असतं. अर्थ नसेल तर खोक्यावर छापलेल्या ज्यूलच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. वायरमनला बोलावून खड्डा नीट करून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. यूपीएसपेक्षा हा खर्च आधी करा.

वळवाच्या पावसात येणारी कॉम्प्युटरची तक्रार वेगळीच असते : 'यूपीएस शाबूत आहे, तरी मदरबोर्ड गेला.' लॅनचा पोर्ट बघितला की उत्तर मिळतं. स्थानिक केबलवाला खांबावरच्या डब्यापासून तांब्याची लॅन केबल गच्चीवरून घरात आणतो आणि वीज आसपास कडाडली की लाट त्या वायरीतून येते. यूपीएसचा तिथे संबंधच नाही. तुमच्याकडे घरापर्यंत फायबर आहे ते बरं, काचेतून वीज येत नाही. तरीही मोठा गडगडाट सुरू झाला की प्लग काढणं हाच उपाय. न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्टपर्यंत चढण्याचे प्रकारही गावांत होतात. त्यात यूपीएस जळू शकतो, पण बहुधा पुढचं मशीन वाचतं. तो सौदा वाईट नाही.

यूपीएसच्या आउटपुटला फक्त सीपीयू, मॉनिटर आणि फार तर बाहेरची हार्ड डिस्क. लेझर प्रिंटर अजिबात नाही. त्याचा हीटर प्रिंट देताना आठशे-हजार वॉट ओढतो आणि यूपीएस बसतो. यूपीएसचा प्लग घट्ट सॉकेटमध्ये लावा. ढिल्या एक्स्टेंशनवर लावला तर ठिणग्या पडून तो उगाच बॅटरीवर जात-येत राहील.

राउटर यूपीएसवर ठेवू नका. त्याला १२ व्होल्टचा छोटा लिथियमचा मिनी यूपीएस वेगळा घ्या, तो तीन-चार तास आरामात चालवतो. ॲडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनचा आकार जुळवून घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा लावू नका. एवढं करूनही लाईट गेल्यावर नेट गेलं तर दोष तुमचा नाही, खांबावरच्या डब्यात बॅटरी नाही. खऱ्या पीओएन फायबरमध्ये मधे वीज लागणारं काही नसतं. पण अनेक स्थानिक केबलवाल्यांच्या जोडणीत मधे स्विच असतात.

यूएसबी पोर्टचा यूपीएस मिळाला तर शंभर-दोनशे रुपयांसाठी सोडू नका. केबल जोडली की बऱ्याच मॉडेलांना विंडोज लॅपटॉपसारखी बॅटरी म्हणून ओळखतं आणि ठरावीक टक्क्यांवर हायबरनेट होण्याची, म्हणजे काम साठवून बंद होण्याची सोय मिळते. पातळी चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवा. जुनी बॅटरी चाळीसवरून शून्यावर एकदम कोसळते. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर-'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही खोक्यावर बघून घ्या. मिळत्याजुळत्या नावांचे शिक्के छापलेला माल बाजारात असतो.

शेवटी बॅटरी, कारण यूपीएस वर्षानुवर्षं चालतो आणि खर्च तिच्यावर होतो. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमानाला धरलेलं असतं आणि दर दहा अंशांनी ते साधारण निम्मं होतं. तुमच्याकडे व्होल्टेज सतत कमी असल्याने एव्हीआर उचलत राहणार, ट्रान्सफॉर्मर गरम राहणार आणि त्याच डब्यात बॅटरी शिजणार. म्हणून यूपीएस टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबू नका, चारी बाजूंनी हात फिरेल एवढी जागा ठेवा. अशा वापरात दोन-तीन वर्षं मिळाली तर ठीकच म्हणायचं. दर तीन महिन्यांनी काम सेव्ह करून प्लग काढा आणि बॅकअप मोजा. निम्म्यावर आला की बदलायची तयारी करा. नुसतं मीटर लावून १३ व्होल्ट दिसले म्हणून बॅटरी चांगली असं समजू नका. लोड दिल्यावर तीच नऊवर बसू शकते. डब्याचं झाकण वर उचललेलं दिसलं किंवा आत बॅटरी फुगलेली असली तर त्याच दिवशी काढा.

नवी घेताना तारीख बघा. दुकानात वर्षभर न चार्ज होता पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही म्हातारी असते. दोन बॅटऱ्यांच्या यूपीएसमध्ये दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या आणि एकाच लॉटच्या घाला. एक जुनी ठेवली तर ती नवीलाही खाली ओढते. जुन्या बॅटरीचे वजनावर पैसे मिळतात आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकायची नसते, दुकानदाराला परत द्या. बिलावर यूपीएस आणि बॅटरी दोन्हींची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. पुष्कळदा यूपीएसची दोन वर्षं असते आणि बॅटरीचं त्यात काय धरलंय ते कार्ड उघडल्याशिवाय कळत नाही.